बॅटरसीचे नगरभवन : जळाले, उभे राहिले, कामाला लागले

लंडनमध्ये थेम्स नदीच्या दक्षिण तीरावर बॅटरसी नावाचा भाग आहे. क्लॅपहॅम जंक्शन या गजबजलेल्या रेल्वे स्थानकापासून थोडे चालत गेले की लॅव्हेंडर हिल या रस्त्यावर लाल विटांची आणि फिकट दगडाची एक भारदस्त वास्तू उभी दिसते. दारातून आत पाऊल टाकताच पायाखाली मधमाश्या येतात. रंगीत दगडी तुकडे जोडून घडवलेल्या फरशीत त्या कायमच्या बसवलेल्या आहेत. मध वर्ज्य मानणाऱ्या घरातील वाचकानेही या मधमाश्यांवर रुसण्याचे कारण नाही. एकोणिसाव्या शतकातील कारागिरांनी त्या केवळ उद्योगाचे आणि एकोप्याचे चिन्ह म्हणून तेथे मांडल्या. ज्या वस्तीसाठी ही वास्तू उभारली गेली, ती वस्ती तेव्हा खरोखरच पोळ्यासारखी भरत चालली होती.

त्या शतकाच्या पूर्वार्धात बॅटरसी म्हणजे भाजीपाल्याचे मळे आणि लॅव्हेंडरची शेते. रस्त्याचे नावही त्यावरूनच पडले. मग रेल्वे आली, इंजिनांच्या शेड आल्या, मेणबत्त्यांचा मोठा कारखाना आला, आणि काही हजारांची वस्ती शतक संपता संपता दीड लाखाच्या वर गेली. एवढ्या लोकांचा कारभार चालवायला जागा हवी होती. ई. डब्ल्यू. माउंटफर्ड या वास्तुविशारदाने आराखडा केला आणि १८९३ साली नगरभवन खुले झाले. लंडनचे प्रसिद्ध ओल्ड बेली न्यायालय पुढे याच माउंटफर्डने बांधले. बॅटरसीत त्याने वास्तूचे दोन भाग केले. पुढच्या भागात कौन्सिलचे सभागृह, महापौरांचे दालन आणि कचेऱ्या. मागच्या भागात लोकांसाठी मोठे सभागृह, ज्यावर कमानीच्या आकाराचे, नक्षीदार जाळीचे प्लास्टरचे छत होते. सत्तरहून अधिक खोल्यांच्या या घरात कर भरायला येणारा मनुष्य आणि नाचगाण्याला येणारा मनुष्य एकाच छताखाली येत. १९०१ मध्ये रॉबर्ट होप-जोन्स या कल्पक कारागिराने मोठ्या सभागृहात विजेवर चालणारा प्रचंड ऑर्गन बसवला. याच गृहस्थाने पुढे अमेरिकेत जाऊन नाट्यगृहांच्या ऑर्गनची पद्धतच बदलून टाकली.

बॅटरसी बरोचे बोधवाक्य लॅटिन भाषेत होते. त्याचा अर्थ असा : माझ्यासाठी नाही, तुझ्यासाठी नाही, आपल्यासाठी. बोधवाक्ये सर्वच नगरपालिकांची असतात आणि बहुतेक ठिकाणी ती दारावरच राहतात. येथे मात्र कारभाऱ्यांनी ते काहीसे मनावर घेतलेले दिसते. १९०३ मध्ये या कौन्सिलने लॅचमियर नावाची कामगारांची वसाहत ठेकेदाराला न देता स्वतःच्या बांधकाम विभागाकडून उभारून घेतली, आणि त्याच वसाहतीच्या बागेत तीन वर्षांनी असे काही घडले की ज्याची नोंद जीवदयेचे नाव घेणाऱ्या कुणीही घ्यावी.

त्याची सुरुवात बॅटरसीत झाली नव्हती. फेब्रुवारी १९०३ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात वैद्यकाच्या विद्यार्थ्यांसमोर एका तपकिरी कुत्र्यावर जिवंतपणी शस्त्रक्रिया करण्यात आली. विद्यार्थ्यांमध्ये बसलेल्या लिझी लिंड आफ हॅगेबी आणि लीसा शार्टाव या दोन स्वीडिश स्त्रियांनी, कुत्र्याला पुरेशी भूल दिलेली नव्हती, असा आरोप केला. संबंधित प्राध्यापक बेलिस यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि त्याच वर्षी तो जिंकला. दोन हजार पौंडांची भरपाईही मिळवली. न्यायालयाचा निकाल असा झाला, हे येथे सांगणे भाग आहे. परंतु लोकांच्या मनातला कुत्रा काही मेला नाही. प्राणिप्रयोगांच्या विरोधकांनी त्याचे स्मारक करायचे ठरवले, आणि त्यासाठी जागा देण्याची तयारी दाखवली ती बॅटरसी कौन्सिलने. याच बॅटरसीत १८७१ पासून बेवारस कुत्र्यांचे आश्रयस्थान होते, आणि प्राणिप्रयोगांना विरोध हेच तत्त्व मानणारे एक रुग्णालयही होते.

१५ सप्टेंबर १९०६ रोजी लॅचमियरच्या बागेत स्मारकाचे अनावरण झाले. ती पाणपोई होती : वर माणसांसाठी पाण्याची सोय, खाली कुत्र्यांसाठी आणि घोड्यांसाठी हौद, आणि शिखरावर कांस्याचा कुत्रा. समारंभात जॉर्ज बर्नार्ड शॉ बोलले. खाली कोरलेल्या मजकुरात त्या एका कुत्र्याबरोबरच १९०२ या एका वर्षात त्याच ठिकाणी प्रयोगांत मेलेल्या २३२ कुत्र्यांचाही उल्लेख होता. हा मजकूर वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना झोंबला. त्यांनी पुतळा फोडण्याचे प्रयत्न केले, मोर्चे काढले. १० डिसेंबर १९०७ रोजी सुमारे एक हजार विद्यार्थ्यांचा जमाव ट्रफाल्गर चौकापर्यंत जाऊन पोलिसांशी भिडला. एका पुतळ्याला रात्रंदिवस पहारा ठेवावा लागला. या पहाऱ्याचा खर्च वर्षाला सातशे पौंड होतो, तो कौन्सिलने द्यावा, असा तगादा सुरू झाला. नगरभवनातील सभासदांनी पैसेही दिले नाहीत आणि पुतळाही हलवला नाही. पुढच्या निवडणुकीत सत्ता पालटली. वीस हजार लोकांच्या सह्यांचा अर्ज बाजूला ठेवून, १० मार्च १९१० रोजी पहाट होण्याआधी, एकशेवीस पोलिसांच्या बंदोबस्तात चार कामगारांनी तो पुतळा उखडून नेला. कांस्याच्या एका कुत्र्यासाठी एकशेवीस पोलीस! पुढे तो नष्टच करण्यात आला. १९८५ मध्ये बॅटरसी पार्कात निकोला हिक्स या शिल्पकर्त्रीने घडवलेला नवा कुत्रा बसवण्यात आला आहे.

या नगरभवनाची दुसरी एक आठवण मुंबईशी थेट जोडलेली आहे. नोव्हेंबर १९१३ मध्ये जॉन आर्चर हे बॅटरसीचे महापौर निवडले गेले : बाजूने चाळीस मते, विरुद्ध एकोणचाळीस. वडील बार्बाडोसचे, आई आयरिश, जन्म लिव्हरपूलचा, व्यवसाय छायाचित्रकाराचा. लंडनमध्ये कृष्णवर्णीय मनुष्य महापौर होण्याची ही पहिलीच वेळ होती. काही वर्षांनी हेच आर्चर एका भारतीय उमेदवाराचे निवडणूक प्रतिनिधी झाले. तो उमेदवार म्हणजे शापुरजी सकलातवाला.

सकलातवाला १८७४ साली मुंबईत जन्मले. त्यांची आई जेरबाई ही जमशेटजी टाटांची बहीण. मामाच्या उद्योगासाठी त्यांनी तरुणपणी लोहखनिजाच्या शोधात रानोमाळ भटकंती केली, मलेरियाने प्रकृती ढासळवून घेतली आणि १९०५ मध्ये ते इंग्लंडला गेले. टाटांच्याच लंडन कचेरीत नोकरी करणारा हा मनुष्य कामगारांच्या चळवळीत शिरला आणि १९२२ मध्ये उत्तर बॅटरसीतून ब्रिटिश संसदेवर निवडून आला. पुढच्या वर्षी पडला, १९२४ मध्ये कम्युनिस्ट म्हणून पुन्हा जिंकला आणि १९२९ पर्यंत खासदार राहिला. दादाभाई नवरोजी आणि मंचेरजी भावनगरी यांच्यानंतरचा हा तिसरा भारतीय खासदार. तिघेही पारशी, तिघेही मुंबईचे, आणि तिघांचे पक्ष वेगवेगळे. १९२६ च्या संपाच्या वेळी हाइड पार्कात केलेल्या भाषणाबद्दल सकलातवालांना दोन महिने तुरुंगात जावे लागले. भांडवलदार घराण्यात वाढलेल्या या मनुष्याची मते कुणाला पटतील, कुणाला पटणार नाहीत. परंतु परदेशातील एका कामगार वस्तीने मुंबईच्या भाच्याला आपला प्रतिनिधी म्हणून पाठवले, तो काळ लक्षात घेता ही लहान गोष्ट नव्हती.

१९६५ साली लंडनच्या कारभाराची फेररचना झाली. बॅटरसी बरो शेजारच्या वँड्सवर्थमध्ये विलीन झाला आणि कचेऱ्या तिकडे गेल्या. लॅव्हेंडर हिलवर राहिले ते रिकामे सभागृह, रिकामी दालने आणि देखभालीचा खर्च. ज्या कामासाठी वास्तू बांधली ते काम संपले की ती डोईजड होते, हा अनुभव सर्वत्र सारखाच. आपल्याकडेही बाजारपेठ सरकली की भर पेठेतली जुनी पेढी ओस पडते, आणि वारसांच्या सह्या जमेपर्यंत कुलूप गंजून जाते. बॅटरसीत नगरभवन पाडून तेथे पोहण्याचा तलाव आणि ग्रंथालय बांधावे, अशी योजना निघाली. रहिवाशांनी विरोध केला. १९७० मध्ये वास्तूला संरक्षित दर्जा मिळाला, पाडण्याचा बेत मागे पडला आणि १९७४ मध्ये तेथे लोकांसाठी कलाकेंद्र सुरू झाले. १९८० च्या सुमारास त्याचा कारभार स्वतंत्र विश्वस्त संस्थेकडे आला. बॅटरसी आर्ट्‌स सेंटर ही संस्था ती.

नगरभवनात नाटक करणे सोपे नसते. रंगमंच नाही, पडदा नाही, एकामागून एक खोल्या. संस्थेने या उणिवेतूनच आपली रीत शोधली. २००० च्या सुमारास तेथे ‘स्क्रॅच’ नावाचा प्रयोग सुरू झाला : कलावंताने अर्धेकच्चे काम प्रेक्षकांपुढे मांडायचे, प्रेक्षकांनी काय रुचले व काय नाही ते सांगायचे, आणि त्याने ते काम पुन्हा घडवायचे. व्यापाऱ्याला यात नवल वाटू नये. नवा माल आधी थोडा ठेवून गिऱ्हाइकाचा कल पाहायचा, मग भरणा करायचा, हीच ती रीत. ‘जेरी स्प्रिंगर : द ऑपेरा’ हे विषयामुळे पुष्कळ वादग्रस्त ठरलेले संगीत नाटक २००१ मध्ये अशाच कच्च्या प्रयोगांतून वाढले आणि २००३ मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरपर्यंत पोहोचले.

पैशाची विवंचना मात्र पाठ सोडत नव्हती. २००७ च्या आरंभी वँड्सवर्थ कौन्सिलने वार्षिक अनुदान बंद करण्याचा आणि वर वास्तूचे भाडे आकारण्याचा प्रस्ताव मांडला. दोन्ही एकदम झाले असते तर संस्था बुडालीच असती. नाट्यसृष्टीतून आणि वस्तीतून ओरड झाली, वाटाघाटी झाल्या आणि अखेरीस वास्तू दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने संस्थेकडे राहिली. भाडेपट्ट्याचे महत्त्व व्यापारी घराण्यांना वेगळे सांगायला नको. उद्या जागा सोडावी लागेल या धास्तीत असलेला भाडेकरू भिंतीला रंगही देत नाही. मुदत लांब मिळाली की तोच छत दुरुस्त करायला काढतो.

त्याच सुमारास हॉवर्थ टॉम्पकिन्स या वास्तुविशारद संस्थेशी हातमिळवणी झाली. सर्व वास्तू बंद करून, एकदाच मोठा आराखडा करून, दोन वर्षांनी फीत कापायची, असा नेहमीचा मार्ग त्यांनी धरला नाही. एखादे नाटक बसवताना एक दार उघडून पाहायचे, एक जिना मोकळा करायचा, एखादी बंद शेकोटी पेटवून पाहायची. प्रयोगात ते जमले तर कायम ठेवायचे, नाही जमले तर पूर्ववत करायचे. २००७-०८ मध्ये पंचड्रंक या नाट्यसंस्थेने एडगर ॲलन पो याच्या कथांवर आधारलेले ‘द मास्क ऑफ द रेड डेथ’ हे नाटक साऱ्या नगरभवनात पसरून केले. मुखवटे घातलेले प्रेक्षक दालनांतून आणि जिन्यांवरून स्वतःच वाट शोधत हिंडत. या पद्धतीने हळूहळू एक जुने उघडे चौक खुले नाट्यगृह झाले, आणि दूरहून आलेल्या कलावंतांना मुक्कामासाठी काही खोल्यांत पलंग पडले. संरक्षित वास्तू म्हणजे हात लावायचा नाही अशी वस्तू, या समजुतीला हा सौम्य पण पक्का प्रतिवाद होता.

आणि मग १३ मार्च २०१५ चा शुक्रवार उजाडला. दुपारी मोठ्या सभागृहाच्या छपरात आग लागली. माणसे वेळेवर बाहेर पडली, कुणालाही इजा झाली नाही. सुमारे ऐंशी जवान झुंजले; वास्तूचा पुढचा भाग, काचेचा घुमट, संगमरवरी जिना आणि मधमाश्या वाचल्या. मोठे सभागृह मात्र छपरासह कोसळले. १८९३ चे जाळीदार प्लास्टरचे छत राखेत गेले. तेव्हा तेथे गेको नावाच्या नाट्यसंस्थेचे ‘मिसिंग’ हे नाटक लागलेले होते. त्याचे नेपथ्य आणि पोशाख जळाले. होप-जोन्सच्या ऑर्गनचा काही भाग दुरुस्तीसाठी बाहेर पाठवलेला होता, तेवढा योगायोगाने बचावला.

दुसऱ्याच दिवशी पुढच्या भागात नाटकाचा प्रयोग झाला. दुकानाला आग लागल्यावर फूटपाथवर गादी टाकून वही उघडणाऱ्या सराफाची जात हीच असावी. देणग्या येऊ लागल्या; अनोळखी माणसांनी लहान लहान रकमा पाठवल्या. काही दिवसांतच ब्रिटिश सरकारने अर्थसंकल्पात या सभागृहासाठी दहा लाख पौंड जाहीर केले.

प्रश्न असा होता की, जे जळाले ते जसेच्या तसे बांधायचे का? वारशाच्या प्रेमाने बहुतेक ठिकाणी उत्तर ‘होय’ असे येते. येथे वास्तुविशारदांनी वेगळा निर्णय घेतला, आणि तो योग्य होता असेच आज सभागृह पाहून वाटते. जळालेल्या भिंतींवरचा रंग आणि प्लास्टर आगीने सोलून निघाले होते, आणि खालून विटांच्या, जुन्या थरांच्या तांबूस, राखाडी, काळसर छटा वर आल्या होत्या. त्या भिंती घासून, स्थिर करून तशाच ठेवल्या. छत मात्र नवे घडवले : जुन्या प्लास्टरच्या नक्षीच्याच रेषा पकडून कापलेल्या लाकडी जाळीचे. खालून पाहणाऱ्याला ते जुन्या छताच्या सावलीसारखे भासते. त्याच वेळी त्या जाळीतून दिवे टांगता येतात आणि आवाजही नीट बसतो. जुन्या छतात ही सोय कधीच नव्हती. या कामाला २०१९ मध्ये ब्रिटिश वास्तुविशारदांच्या रॉयल इन्स्टिट्यूटचा पुरस्कार मिळाला.

सप्टेंबर २०१८ मध्ये सभागृह पुन्हा उघडले. उद्‌घाटनाला कोणते नाटक, यावर फार चर्चा करावी लागली नसेल. गेको संस्थेने नवे नेपथ्य उभारले, नवे पोशाख शिवले आणि आगीने जेथे तोडले होते तेथूनच ‘मिसिंग’ पुढे सुरू झाले.

नव्या पर्वात वास्तूत एक गोष्ट वाढली : ‘स्क्रॅच हब’ नावाची को-वर्किंगची जागा. ज्या घरात एकेकाळी नगरपालिकेचे कारकून वह्या लिहीत, तेथे आता स्वतंत्र काम करणारे लेखक, लहान नाट्यसंस्था, सामाजिक उपक्रम चालवणारे तरुण भाड्याने मेज घेऊन बसतात. लंडनमध्ये स्वतःची कचेरी घेणे लहान उद्योगाच्या आवाक्यातले नाही. येथे मेज, जोडणी, बैठकीची खोली आणि चहाची जागा सामाईक मिळते, आणि शेजारच्या मेजावर कदाचित उद्याचा भागीदार बसलेला असतो. एका मोठ्या पेढीच्या ओसरीवर चार लहान दलालांनी गाद्या मांडाव्यात, तसाच हा प्रकार. संस्थेला त्यातून दरमहा ठरावीक भाडे येते. नाटकाचे उत्पन्न कधी भरतीचे, कधी ओहोटीचे. म्हणून या ठरावीक रकमेचे मोल मोठे.

हिशेबाची बाजू एवढीच नाही. मोठे सभागृह लग्नांना, परिषदांना, समारंभांना भाड्याने दिले जाते. जळक्या भिंतींची पार्श्वभूमी वधूवरांना आवडते. कलामंडळाचे सरकारी अनुदान आहे, देणगीदार आहेत, उपाहारगृह आहे. एकच एक आधार कुठेही नाही. २००७ च्या धक्क्याने हा धडा शिकवला असावा. एवढ्या मोठ्या घराची कौले, नळ आणि रखवाली यांचा खर्च पाहता हा संसार आजही सुखाचा आहे असे नाही. तरीही संस्थेने मिळकत वाढवण्याची सर्वांत सोपी वाट, म्हणजे तिकिटे महाग करणे, घेतलेली नाही.

‘द एजन्सी’ नावाचा तिचा एक उपक्रम २०१३ पासून चालू आहे. त्याची मूळ कल्पना ब्राझीलमधल्या रिओची. पंधरा ते पंचवीस वर्षांच्या, शाळा-कॉलेजच्या वाटेवरून बाजूला पडलेल्या मुलामुलींनी आपल्या वस्तीला उपयोगी पडेल असा एखादा व्यवसाय किंवा उपक्रम सुचवायचा. महिनोन्‌महिने मार्गदर्शकांबरोबर तो पक्का करायचा, शेवटी परीक्षकांपुढे मांडायचा, आणि निवड झाली तर सुरुवातीचे भांडवल घेऊन तो सुरू करायचा. पदवी, ओळख, घरचे पाठबळ यांतले काहीही विचारले जात नाही. ज्या समाजात मुलगा दहावीच्या सुटीतच गल्ल्यावर बसून धंदा शिकतो, त्याला या उपक्रमाचे महत्त्व चटकन उमगणार नाही. ज्यांच्या घरी गल्लाच नाही, त्यांना तो बसण्याची जागा देतो.

२०२० मध्ये टूरेट्सहीरो या संस्थेच्या साहाय्याने साऱ्या वास्तूचे वागणे बदलण्यात आले. ज्यांना एका जागी स्थिर बसता येत नाही, ज्यांच्या तोंडून नकळत आवाज निघतात, अशा प्रेक्षकांनाही नाटकाच्या मध्येच उठण्याची, बोलण्याची, बाहेर जाऊन परत येण्याची मोकळीक मिळाली. त्यांच्यासाठी वेगळा दिवस राखून ठेवलेला नाही, जवळजवळ सर्वच प्रयोगांना हा नियम आहे. २०२१ पासून तिकिटांची रीतही बदलली. प्रत्येक प्रयोगाला एक सुचवलेली रक्कम लिहिलेली असते. प्रेक्षक आपली ऐपत पाहून तेवढी, तिच्याहून कमी किंवा तिच्याहून जास्त रक्कम भरतो. कमी का भरले, हे त्याला कोणी विचारत नाही.